पगार आहे तो येत नाही, येतो त्याला पगार नाही



मास्तरांच्या पगाराचा विषय निघाला की आपल्या बैठकीत दोन आवाज उठतात. एक म्हणतो, "फुकटचा पगार खातात." दुसरा म्हणतो, "वाडीवर मास्तर हवाच, नाहीतर पोरं गुरांमागंच राहतील." दोन्ही आवाज आपलेच आहेत, आणि दोन्हीत खरं आहे. म्हणून विषय नीट मांडायला पाहिजे.

आधी हिशेब. पाचव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाची श्रेणी ४५०० पासून सुरू व्हायची, कॉलेजातल्या अधिव्याख्यात्याची ८००० पासून. वर महागाई भत्ता. २००० सालापासून सरकारने नव्या प्राथमिक शिक्षकाला 'शिक्षणसेवक' केलं. त्याला तेव्हा तीन वर्षं महिना ३००० मिळायचे. आणि डोंगरावरच्या वस्तीशाळेत शिकवणाऱ्याला तेव्हा महिना १००० मानधन होतं, म्हणजे दिवसाला ३३ रुपये. बाराखडी तीच, पाढे तेच. उलट डोंगरावर सगळ्या इयत्ता एकाच खोलीत.

आमच्यातल्या काहींनी बारावी झाल्यावर हे काम केलंय. मानधन महिने-महिने यायचं नाही. खडू पदरचा. तरी शाळा उघडायचो, कारण पोरं सकाळी दारात येऊन उभी राहायची. गावात मात्र कुणी आम्हाला गुरुजी म्हटलं नाही. "काय रं, नोकरी कधी लागणार?" एवढंच.

पक्क्या पगाराचे गुरुजी काय करतात? चांगले आहेत, ओढा ओलांडून येणारे आहेत. पण आठवड्यातून दोनदा येऊन सहाही दिवसांची सही करणारेही आम्ही बघितलेत. त्यांनाच सगळा दोष देऊन भागत नाही. राहायला खोली नाही, पावसाळ्यात वाट नाही. निवडणूक आली की गुरुजी, २००१ ची जनगणना आली की गुरुजी. आणि राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगरात बदली म्हणजे शिक्षा समजतात. म्हणजे आमची पोरं ही कुणाची तरी शिक्षा झाली. हे आम्हाला सलतं.

कुणी म्हणेल, जमिनीच्या लढ्यात मास्तरांचं काय? ऐका. न आलेले गुरुजी एक दिवस बसून जनरल रजिस्टर भरतात. म्हणून आपल्यात सगळ्यांचा जन्म १ जूनचा. हसण्यावारी नेतो आपण. पण त्याच रजिस्टरात जातीचा रकाना असतो. 'महादेव कोळी' लिहायच्या जागी नुसतं 'कोळी' लिहिलं, की तीस वर्षांनी जात पडताळणीत नातवाचा दाखला अडकतो. आदिवासीची गेलेली जमीन परत देण्याचा कायदा १९७४ चा आहे, पण त्याला आधी आदिवासी असल्याचा दाखला लागतो. वनजमिनीला १९७८ च्या आधीची वहिवाट दाखवा म्हणायचे. बाप ७४ साली त्या वाडीच्या शाळेत होता, हे रजिस्टर सांगतं. म्हणजे तेव्हा वस्ती तिथंच होती. गुरुजींच्या एका ओळीवर आपली जमीन उभी असते.

आपण कोल्हापूरवाले. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड. आज आम्ही पोरं धाडतो आणि सरकार मास्तर धाडत नाही. मग दंड कुणाला करायचा?

आणि आजऱ्याकडच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करणाऱ्यांतले. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. चांगली माणसं शिक्षकी पेशात यायची तर पगार आणि मान दोन्ही हवेत, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्चावा, असं त्या आयोगाने सांगितलं. आपल्याच जिल्ह्याच्या माणसाचा हात त्या अहवालाला लागलाय. सरकारने त्यातून हजार रुपयांचा मास्तर काढला.

म्हणून आमचं म्हणणं असं. शहरातल्या लोकांसारखं "मास्तर माजलेत" म्हणायला आपण जायचं नाही. पगार कमी करा ही मागणी आपली नव्हे. आपली मागणी:

१. वस्तीशाळेवर शिकवणाऱ्यांना डी.एड. करायची संधी द्या आणि शिक्षकाचा पूर्ण पगार द्या.
२. डोंगरातल्या शाळेवर गुरुजींना राहायला खोली बांधा. शिक्षा म्हणून कुणालाही आमच्याकडे पाठवू नका.
३. हजेरी ग्रामसभेत वाचून दाखवा.
४. जनरल रजिस्टरातली नोंद आईबापाला वाचून दाखवून मगच सही घ्या.

पहिल्या तीन मागण्यांना मोर्चा लागेल. चौथीला लागत नाही. या जूनला पोराचं नाव घालायला जाल तेव्हा घाईनं अंगठा देऊन परतू नका. "गुरुजी, काय लिहिलं ते वाचा," म्हणा. चांगला गुरुजी असेल तर त्याला बरंच वाटेल.

जिंदाबाद!