नसलेला घोडा

फेब्रुवारी उजाडला की मुंबईत एक जमात जागी होते, काळा घोडा महोत्सवाचं वेळापत्रक आखणारी. नऊ दिवसांची कार्यक्रमपत्रिका हाती पडायचा अवकाश, लगेच रंगीत पेनं निघतात. सहाला डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत लेखकाशी गप्पा, सव्वासातला मॅक्सम्युलर भवनात नाटक आणि मधल्या वेळात रॅम्पार्ट रो वरची मांडणशिल्पं ‘उरकून घ्यायची’. उरकून घेणं हे क्रियापद आपण एरवी आंघोळीसाठी आणि बँकेच्या कामांसाठी वापरतो. शेवटी रांग लांबते, सातचा कार्यक्रम साडेसातला सुरू होतो, आखणी कोलमडते आणि माणूस घरी जाऊन ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ असा निकाल देतो. याद्यांशी माझं वैर आहे हे या सदराच्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. या आठवड्यात त्या वैराला तात्त्विक पाठबळ मिळालं, आणि तेही विनोदवीरांकडून.

संहितेशिवाय, समोरून येईल ते घेऊन जागच्या जागी नाटक रचण्याला ‘इम्प्रॉव्ह’ म्हणतात. अमेरिकेत त्याची मुळं शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांच्यापर्यंत जातात. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसाठी त्यांनी नाट्यखेळ रचले आणि 1963 मध्ये त्यांचं पुस्तक केलं. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स 1959 मध्ये शिकागोत सुरू झालेल्या ‘सेकंड सिटी’ या मंडळीचे एक संस्थापक. पुढे कीथ जॉन्स्टन यांचं ‘इम्प्रो’ 1979 मध्ये आलं. या परंपरेतला सगळ्यांत परिचित नियम दोन शब्दांचा आहे, ‘हो, आणि’. जोडीदार म्हणाला, ‘डॉक्टर, माझा हात हिरवा पडलाय’, तर ‘मी डॉक्टर नाही’ म्हणायचं नाही. तसं म्हटलं की प्रवेश तिथंच मेला. हिरवा हात मान्य करायचा आणि त्याला पालवी कधी फुटली ते विचारायचं.

नियम नटांसाठी असला तरी त्याची खरी गरज महोत्सवातल्या प्रेक्षकाला आहे, असं माझं म्हणणं आहे. नाट्यगृहात तिकीट काढून बसलेल्या माणसाला काय पाहायला आलोय ते माहीत असतं. रस्त्यावरच्या महोत्सवात समोर काय येईल ते नट ठरवत नाही, तसं प्रेक्षकही ठरवत नाही. वळणावर भंगाराचा हत्ती भेटतो, पलीकडून ढोलकी ऐकू येते. ‘यात कसली कला, हे तर आमचा बंड्याही करेल’ हे वाक्य म्हणजे ‘मी डॉक्टर नाही’चाच अवतार. बंड्या करेलही, पण ते बोलून झाल्यावर बोलणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. त्याऐवजी हत्तीची सोंड कुकरच्या शिट्टीची का केली असेल, एवढंच मनात आलं तरी प्रवेश पुढे सरकतो.

हे सगळं परदेशी खूळ आहे म्हणणाऱ्यांनी पोवाडा आठवावा. शाहीर ओळ टाकतो, मागचे झीलकरी ‘जी रं जी जी’ करतात. तो निव्वळ ‘हो’ आहे, आणि त्याच्या खांद्यावर पाय देऊन शाहीर पुढची ओळ चढतो. तमाशाच्या गवळणीत मावशी आणि पेंद्या ठरल्या सांगाड्यावर त्या गावच्या सरपंचापासून पावसापर्यंत काय वाटेल ते चढवतात, ते ‘आणि’. ख्यालाच्या मैफलीत तर श्रोताही सामील असतो. समेवर आलेली ‘वाः’ ऐकून गायक तीच जागा निराळ्या अंगानं पुन्हा घेतो. झील धरणारी परंपरा असलेल्या माणसानं वेळापत्रक धरून बसावं, हे जरा चमत्कारिकच.

आता रास्त हरकत. सगळ्यालाच हो म्हणायचं तर चोखंदळपणाचं काय? सुमार कविता ऐकूनही मान डोलवायची? इम्प्रॉव्हमध्ये ‘हो’ हा दर्जाला दिलेला शेरा नसतो, समोर जे घडलंय ते घडलंय एवढीच ती कबुली असते. शिवाय त्याच खेळात प्रवेश कापायचीही सोय आहे. रंगत संपली की एखादा नट मंचाच्या पुढून आडवा धावत जातो आणि तो प्रवेश तिथंच मिटतो. प्रेक्षकानंही उठावं की. प्रवेश फुकट असलेल्या महोत्सवात शेवटपर्यंत बसण्याची सक्ती कुणी केली आहे? डोंबिवलीहून दीड तास लोकलला लटकून येणाऱ्यानं बेत करून येऊ नये, असंही मी म्हणणार नाही. पण इम्प्रॉव्हवालेसुद्धा प्रेक्षकांकडून एक शब्द मागून घेतात आणि त्यावर अख्खा खेळ उभा करतात. बेतही एकाच कार्यक्रमाचा असावा. बाकी संध्याकाळ मोकळी.

खरं तर हा धडा काळा घोडा चौकाला कधीच पाठ झालेला आहे. स्पोलिनबाईंच्या खेळांत नसलेली वस्तू असल्यासारखी हाताळायची असते. नसलेल्या दोरीची रस्सीखेच दोन्ही बाजूंनी दोरी मान्य केली तरच रंगते. ज्या घोड्यावरून चौकाला नाव पडलं, तो प्रिन्स ऑफ वेल्सला पाठीवर घेऊन पुतळ्याच्या रूपात तिथं उभा होता. 1965 मध्ये त्याला भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवलं. त्यानंतर 52 वर्षं त्या जागी घोडा नव्हता, आणि या 52 वर्षांत टॅक्सीवाल्यापासून वकिलापर्यंत एकानंही ‘कुठला घोडा?’ असं म्हणून प्रवेश मारला नाही. सगळे बिनतक्रार काळ्या घोड्याला भेटत राहिले. 1999 मध्ये महोत्सव सुरू झाला तोही या नसलेल्या घोड्याच्या नावानं. एका शहरानं मिळून इतकी वर्षं चालवलेला असा मूकाभिनय माझ्या तरी माहितीत दुसरा नाही.

यावर कुणी म्हणेल, 2017 मध्ये तिथं नवा घोडा बसवला, आता कल्पनेला जागा कुठं? नव्या घोड्यावर स्वार नाही. आणि मूळचा घोडा स्वारासकट राणीच्या बागेत आहे, पण त्या जागेला काळा घोडा कुणी म्हणत नाही.