आधी सुई, मग सुरी

"गाठ आहे ना? काढून टाकू. उद्या सकाळी उपाशीपोटी या."

स्तनात गाठ सापडलेल्या कितीतरी स्त्रियांना हे वाक्य ऐकायला मिळतं. ऐकून बाईला हायसं वाटतं, घरच्यांनाही वाटतं. नको ती वस्तू शरीरातून गेली, विषय संपला! मला मात्र हे वाक्य धोक्याचं वाटतं. आजचा लेख त्याच्याविरुद्ध आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. स्तनावर शस्त्रक्रिया हवी की नको, हे गाठ आहे एवढ्यावरून ठरत नाही. ते निदानावरून ठरतं. भीतीपोटी निदानाआधीच कापणं चूक, आणि गरज असताना लाजेपोटी शस्त्रक्रिया टाळणं हीसुद्धा तेवढीच मोठी चूक.

निदान म्हणजे नेमकं काय?

त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, डॉक्टरांनी दोन्ही स्तन आणि काखा हाताने तपासणं. दुसरी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी. तरुण मुलींमध्ये आधी सोनोग्राफी करतात, चाळिशीनंतर मॅमोग्राफीही लागते. तिसरी, गरज असेल तेव्हा जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं, म्हणजे कोअर बायोप्सी. जागा बधिर करून थोड्या वेळात हे काम होतं. भूल नाही, सहसा टाकाही नाही, त्याच दिवशी घरी. तिन्ही पायऱ्यांचं उत्तर एकमेकांशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर पुन्हा शोध घ्यायचा.

इथे एक वाक्य हमखास आडवं येतं. "सुई लावली की कॅन्सर पसरतो, लोखंड लागलं की भडकतो." अहो, मग सर्जनची सुरी कशाची असते? बायोप्सीमुळे आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही. बायोप्सीला येईपर्यंत ज्यांचा आजार आधीच पुढे गेलेला होता, त्यांच्याकडे बघून दोष सुईला दिला गेला. खरा दोष उशिराचा होता.

घाईची किंमत कोण मोजतं?

विशीतली मुलगी मोजते. या वयातली बहुतेक टणक, बोटाखालून निसटणारी गाठ फायब्रोअ‍ॅडिनोमा असते. ती कॅन्सर नव्हे. तपासणीत तसं पक्कं झालं आणि गाठ लहान असली, तर काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून लक्ष ठेवलं तरी चालतं. मग "लग्नाआधी काढून टाका" या एकाच कारणासाठी तिच्या अंगावर कायमचा व्रण का?

बाळंतीण मोजते. दूध साठून गळू झालं की लगेच चिरा द्यायची सवय अजून गेलेली नाही. वेळेवर आलेल्या बऱ्याच जणींमध्ये प्रतिजैविकं आणि सोनोग्राफीत बघून सुईने पू काढणं पुरतं, लागलं तर दोन-तीनदा. बाळाला पाजणंही सुरू ठेवता येतं. कातडी पातळ पडली असेल किंवा सुईने भागत नसेल, तर चिरा द्यावाच लागतो. आणि गळू पुन्हा पुन्हा होत असेल तर पुन्हा पुन्हा कापू नका, तुकडा तपासा. आपल्याकडे त्यामागे क्षयरोग निघू शकतो. तो सुरीने नाही, औषधांनी बरा होतो.

सगळ्यात जास्त किंमत मोजते ती कॅन्सर असलेली स्त्री. "साधी गाठ" समजून काढली, चिरा भलत्या जागी गेला, कडेला थोडा आजार राहून गेला. आता दुसरं ऑपरेशन आलं. जो स्तन कदाचित वाचला असता, तो जाण्याची वेळ येते. काही प्रकारच्या कॅन्सरमध्ये आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करतात आणि औषध लागू पडतंय का ते गाठीवरूनच पाहतात. गाठच काढून टाकली की ती संधी गेली. आणि काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवलाच नाही, तर त्या बाईला काय झालं होतं हे कुणालाच कळणार नाही. याला निष्काळजीपणा हाच शब्द आहे.

मग शस्त्रक्रिया खरोखर केव्हा लागते?

- गाठ मोठी असेल, भराभर वाढत असेल, किंवा सोनोग्राफी आणि बायोप्सीचे रिपोर्ट जुळत नसतील.
- एकाच स्तनाग्रातून आपोआप रक्तासारखा स्राव येत असेल आणि तपासणीत दुग्धनलिकेतला दोष सापडला असेल.
- स्तनातच, किंवा स्तन आणि काखेपुरता मर्यादित कॅन्सर असेल. इथे शस्त्रक्रिया हा उपचाराचा मुख्य भाग आहे. काढे, लेप यांच्यात महिने घालवू नका.
- बीआरसीए जनुकातला दोष तपासणीत सिद्ध झाला असेल आणि पूर्ण समुपदेशनानंतर स्त्रीने स्वतः तसा निर्णय घेतला असेल.

पण कॅन्सर म्हणजे पूर्ण स्तन काढणं, हे समीकरण जुनं झालं. इटलीत मिलानला आणि अमेरिकेत 1970 च्या दशकात सुरू झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलेल्या स्त्रिया, पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगल्या. उलट, निदानाच्या वेळीच कॅन्सर इतर अवयवांत पसरलेला असेल तर स्तन काढून आयुष्य वाढत नाही, हे मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं. तिथे औषधं हा मुख्य उपचार असतो. रक्तस्राव किंवा जखमेचा त्रास असेल तर शस्त्रक्रियेचा विचार वेगळा.

माझे काही सर्जन मित्र म्हणतात, "बाई लांबच्या गावाहून येते, पुन्हा येईल याचा भरवसा नाही. एका फेरीत काम उरकलेलं बरं." अडचण खरी आहे. पण बायोप्सी पहिल्याच भेटीत करता येते, आणि अर्धवट ऑपरेशनमुळे फेऱ्या वाढतात. रेडिएशनसाठी काही आठवडे शहरात राहणं शक्य नसेल, तर पूर्ण स्तन काढणं हाही रास्त पर्याय आहे. फक्त तो तिने समजून निवडलेला असावा, तिच्या वतीने परस्पर ठरलेला नसावा.

आता लाजेबद्दल. स्तन फार जड असल्यामुळे काही स्त्रियांची मान, खांदे आणि पाठ वर्षानुवर्षं दुखते. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खळगे पडतात, स्तनाखालची त्वचा पावसाळ्यात ओली राहून चिघळते. व्यायाम, योग्य मापाची ब्रा, औषधं यांनी भागलं नाही, तर स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया हा उपचार आहे. घरात मात्र तिला "नखरे" म्हणतात, आणि विमा कंपनी "कॉस्मेटिक" म्हणून हात वर करते. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली आहे. तिथेच अपवादही आहे: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, आणि तब्येतीला थेट, तातडीचा धोका असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेले वैद्यकीय गरजेचे उपचार. जड स्तनांच्या त्रासाला हा अपवाद सहज लागू होत नाही. तरीही प्रत्येक तपासणीची नोंद, फोटो आणि फिजिओथेरपीचे कागद जपून ठेवा, म्हणजे बाजू मांडता येईल. कॅन्सरनंतर नवा स्तन घडवून घेणं तर या अपवादात स्पष्टच आहे. ते मागायला संकोच कसला?

तेव्हा मैत्रिणींनो, गाठ दुखत नाही म्हणून घरी बसू नका. कॅन्सरची गाठ बहुधा दुखतच नाही. आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी चार प्रश्न विचारा: माझं निदान काय? ते बायोप्सीने पक्कं झालंय का? शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल? काढलेला तुकडा तपासायला कुठे जाणार? प्रश्न विचारले म्हणून रागावणाऱ्या डॉक्टरांकडे सही करायची घाई करू नका. रिपोर्ट घ्या आणि दुसरं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे.