देवाचा शिणवटा, भक्ताचा विसावा

आज आषाढ शुद्ध एकादशी. आजपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास. घरोघरी आज संकल्प सोडले जातील. कोणी एकभुक्त राहील, कोणी लाख वाती वाहील, कोणी रोज पोथीचा अध्याय वाचील. ही नियमनिष्ठा महाराष्ट्राच्या घराघरांत अद्याप टिकून आहे, याचा आम्हांस आनंदच आहे. तथापि आजच्या मंगलदिनी एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो : आपण देवासाठी जो वेळ काढतो, तो कोणाच्या वाट्याचा?

पालघर तालुक्यातील माकुणसारसारखे गाव घ्या. घरातील कर्ता पुरुष पहाटेच सफाळे किंवा केळवे रोड स्थानक गाठतो आणि मुंबईची वाट धरतो. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावू लागली, त्यामुळे सोय झाली. पण प्रवासाचे तास काही सरले नाहीत. धाकटा भाऊ बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जातो. या आठवड्यात दिवस, तर पुढच्या आठवड्यात रात्र. सूनबाई नोकरी करून दिवेलागणीला घरी येतात आणि तेथून त्यांचा दुसरा दिवस सुरू होतो. त्यातच व्रतवैकल्ये आली. उपवास घरातील सर्वांचा. परंतु साबुदाणा भिजविण्यापासून देवघराची भांडी उजळण्यापर्यंतचे कष्ट मात्र एकटीचे. मग हातात जपमाळ, पण कपाळाला आठी, असे दृश्य दिसू लागते. देवापुढे निरांजन तेवत असते आणि स्वयंपाकघरात शब्दाला शब्द लागलेला असतो.

अशा वेळी कित्येकांना वाटते की, थकवा येणे हे श्रद्धेचे उणेपण होय. खरा भक्त दमत नाही. ही समजूत किती चुकीची आहे, हे पंढरपुरीच पाहावे. यात्रेच्या आधी शुभमुहूर्ताने विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. मग काकडआरती नाही, शेजारती नाही. रात्रंदिवस दर्शन चालू. देव अहोरात्र उभा, म्हणून त्याच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड ठेवतात. रखुमाईला तक्क्या देतात. यात्रा उलगडली की प्रक्षाळपूजा होते. लिंबू-साखर लावून देवाचे चरण चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात आणि रात्री औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवितात. देवाचा शिणवटा जावा म्हणून! त्यानंतर पलंग पुन्हा जागी येतो आणि नित्योपचार पूर्ववत् सुरू होतात. ज्या परंपरेने प्रत्यक्ष परब्रह्माला शीण येतो असे मानून त्याला काढा पाजला, तिने माणसाचा शीण पाप कसा मानावा? शिवाय आजच्या तिथीचे नावच देवशयनी. आजपासून भगवान क्षीरसागरी निद्रिस्त होतो, ही आपली श्रद्धा.

वारीचेही तेच. आळंदीहून निघालेला माउलींचा सोहळा सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालतो, पण धावत सुटत नाही. सकाळची न्याहारी, दुपारचा विसावा, सायंकाळचा मुक्काम हे सारे ठरलेले. पुण्यास आणि सासवडास तर अधिक दिवस मुक्काम. विसावा हा वारीच्या शिस्तीचाच भाग आहे. म्हणूनच सत्तरीचा वारकरीही पंढरीस पोहोचतो. आमच्या नारदीय कीर्तनातही पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, श्रोत्यांना बुक्का लावतात, सारे मिळून भजन म्हणतात, आणि मगच उत्तररंगातील आख्यान उभे राहते. मधला तो श्वास नसेल, तर आख्यान रंगत नाही.

शास्त्रकारांनीही माणसाचे बळ जोखूनच नियम घातले. दक्षस्मृतीने दिवसाचे आठ भाग केले. त्यांत देवकार्याला भाग आहे, अध्ययनाला आहे, तसाच कुटुंबाच्या पोषणासाठी अर्थार्जनालाही स्वतंत्र भाग आहे. प्रपंच हा धर्माचा वेळ चोरणारा नव्हे, धर्माच्या दिनक्रमातीलच एक हिस्सा होय. पाठशाळांत प्रतिपदेला अनध्याय पाळीत. अशोकवनात कृश झालेल्या सीतेला वाल्मीकींनी प्रतिपदेलाही पाठ करणाऱ्याच्या क्षीण होत जाणाऱ्या विद्येची उपमा दिली आहे. अविश्रांत अभ्यासाने विद्या वाढत नाही, झिजते, हे त्या ऋषीस ठाऊक होते.

हे शहाणपण केवळ आपलेच नाही. कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्रायली बांधव शनिवारी घाणा बंद ठेवीत; लोक त्यांना शनिवार तेलीच म्हणू लागले. इतर सहा दिवस राबणाऱ्या त्या लोकांनी एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडले, म्हणून परमुलखात त्यांचा धर्म टिकला. आपल्या शेजारच्या वसईत ख्रिस्ती कुटुंबे रविवारी सहकुटुंब चर्चची वाट धरतात. देवाचा दिवस हा विश्रांतीचाही दिवस, ही जाण त्यांच्या धर्मग्रंथांत आहे. ती विश्रांती चाकरांना आणि गुराढोरांनाही द्यावी, अशी तेथे आज्ञा आहे.

याउपर कोणी म्हणेल, थोरांनी विश्रांती कोठे घेतली? पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे उदाहरण पाहू. १७६७ ते १७९५ अशी २८ वर्षे त्यांनी राज्य चालविले. त्यांची दिनचर्या माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. सूर्योदयापूर्वी तासभर उठून पूजाअर्चा, ठराविक वेळ पुराणश्रवण, दानधर्म, भोजन, पुन्हा प्रार्थना आणि त्यानंतर थोडी वामकुक्षी. दुपारी दोनपासून सहापर्यंत दरबार. मग उपासना व अल्पाहार. रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा राज्यकारभार, आणि नंतर निद्रा. उपासनेच्या वेळी कारभार नाही, कारभाराच्या वेळी उपासना नाही आणि विश्रांतीच्या वेळी दोन्ही नाहीत. एवढ्या कार्याचे रहस्य या रेखीवपणात आहे.

तप म्हणजे देह झिजविणे, असा आक्षेप येईल. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला तसेच मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला तसेच सदा जागणाऱ्याला योग साधत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. व्रतनियमांतही सवलत आहे. पाणी, फळ, मूळ, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही. एकादशीचा उपवास आठ वर्षांखालील बालकाला व ऐंशी ओलांडलेल्या वृद्धाला बंधनकारक नाही. अशक्त माणसाचे व्रत पतीने, पत्नीने, पुत्राने प्रतिनिधी म्हणून करावे, अशीही सोय आहे. ही दया शास्त्राच्या पोटीच आहे. आपणच ती विसरतो.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. या चातुर्मासात दहा नियम धरू नका. एकच धरा, पण तो कार्तिकीपर्यंत निभेल असा. रात्रपाळीहून परतलेल्या मुलाने आधी झोप घ्यावी आणि उठल्यावर स्नान करून देवापुढे शांतपणे बसावे. त्याची पूजा उशिरा झाली म्हणून ती उणी नव्हे. गाडीच्या प्रवासात नामस्मरण होते. त्याला आसन लागत नाही. आणि मुख्य म्हणजे, घरातील पुरुषांनी व मुलांनी सणाचे काम वाटून घ्यावे. फुले आणणे, भांडी घासणे, फराळाची तयारी करणे यांत कमीपणा नाही. भक्तासाठी दळण-कांडण करणाऱ्या विठ्ठलाची कथा आपण भक्तिभावाने ऐकतोच की! आज गृहिणीला दोन घटका निवांत बसून आरती म्हणता आली, तर त्या घरची एकादशी सफल झाली, असे आम्ही समजू.

पश्चिम किनाऱ्यावर आता होड्या वर ओढलेल्या आहेत. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यालाही विसावा देण्याची आपल्या कोळी बांधवांची जुनी रीत आहे. त्या विसाव्यातच मासळीची पुढली पिढी वाढते. माणसाच्या मनाचेही तसेच आहे. पांडुरंग सर्वांना नियम निभावण्याचे बळ देवो आणि वेळीच थांबण्याची बुद्धीही देवो. पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!