ट्रंकेतला कॅमेरा

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या थोरल्या घरी माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरली. तीत जुनी लुगडी, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, मुका झालेला ट्रान्झिस्टर आणि अगदी तळाशी कापडी पिशवीत गुंडाळलेला एक डिजिटल कॅमेरा निघाला. पुतण्याने 2007 साली पहिल्या पगारातून आणलेला हा कॅमेरा. 2009 च्या वैशाखात पुतणीच्या लग्नात तो मांडवभर फिरला होता. पुढच्याच वर्षी आमची आई गेली. लग्नातला तिचा एकही फोटो कागदावर नव्हता. 'कॅमेऱ्यात आहेत की,' असे म्हणून सगळेच निश्चिंत राहिले आणि कॅमेरा ट्रंकेत गेला.

आता तो चालू होईना. वहिनी तो पदरात धरून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, नातू म्हणतोय फेकून द्या. पण आत्याबाई ह्यातच हायत ना!"

वाचकहो, अशी ट्रंक पुष्कळांच्या घरी असेल. म्हणून त्या दिवशी आम्ही काय केले, काय चुकले आणि काय साधले, ते क्रमाने सांगतो.

आपल्या विहिरीवरचा पंप पाणी ओढेनासा झाला की जाणता माणूस आधी मोटर खोलत नाही. तो आधी फ्यूज पाहतो, स्टार्टर पाहतो, मग फूटव्हॉल्व्ह आणि पाइपात शिरलेली हवा पाहतो. मोटर खोलण्याची पाळी शेवटी येते, आणि बहुधा येतच नाही. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. बाहेरून आत जावे, सोप्याकडून अवघडाकडे जावे.

पहिली गोष्ट सेलची. आमच्या कॅमेऱ्यात पेन्सिल सेल लागतात, दोन. ते इतकी वर्षे आतच राहिले होते. झाकण उघडले तर सेल फुटून पांढरी बुकणी बाहेर आलेली आणि पितळी पट्ट्यांवर हिरवट पुटे चढलेली. अल्कलाइन सेलमधून गळणारा हा पदार्थ तीव्र क्षार असतो. तो हाताला किंवा डोळ्याला लागू देऊ नये. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून सेल काढावेत, लहान मुलांना दूर ठेवावे. क्षारावर उतारा आंबटाचा. काडीला कापूस गुंडाळून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये नुसता ओलावावा, निथळेल इतका भिजवू नये, आणि पट्ट्या व स्प्रिंग पुसून घ्यावी. नंतर स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या काडीने, मग कोरड्या काडीने पुसावे. पट्टी काळवंडलेली असेल तर शाळेच्या खोडरबराने घासली की उजळते. पुढचे दोन-तीन तास कॅमेरा झाकण उघडे ठेवून सावलीत वाळू द्यावा, उन्हात नव्हे.

आम्ही एवढे केले आणि इथे पहिली चूक झाली. घरात नवे सेल नव्हते. वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळातला एक आणि रेडिओतला एक असे दोन काढून दिले. कॅमेऱ्याने डोळा उघडल्यासारखी लेन्स अर्धी बाहेर काढली, दोनदा किरकिर केली आणि पुन्हा मेला. नातू म्हणाला, "बघा आजोबा, खराबच आहे." तसे नव्हते. घड्याळाला थेंब थेंब वीज लागते, म्हणून साधा सेल त्याला वर्षभर पुरतो. कॅमेऱ्याला लेन्सची मोटर फिरवायची, पडदा उजळायचा, फ्लॅश भरायचा. एका दमात त्याला मोठा घोट लागतो, आणि साध्या सेलमध्ये तेवढा जोर नसतो. म्हणून नवे अल्कलाइन सेल घालावेत, किंवा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे घालावेत. हे दुसरे 1.5 ऐवजी 1.2 व्होल्टचेच असतात, पण जोराची ओढ सोसतात, म्हणून कॅमेऱ्यात उत्तम चालतात. दोन्ही सेल एकाच जातीचे आणि एकाच वेळी घेतलेले असावेत. एक नवा, एक जुना ही जोडी एका बैलाच्या नांगरासारखी.

ज्यांच्या कॅमेऱ्यात चपटी लिथियमची बॅटरी असेल त्यांनी ती आधी टेबलावर ठेवून पाहावी. फुगलेली असेल, डुगडुगत असेल, तर ती चार्ज करू नये, टोचू नये, चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत तर मुळीच टाकू नये.

नवे सेल आणले आणि कॅमेरा जागा झाला. पण लेन्स पुन्हा अर्ध्यावर अडली आणि पडद्यावर लेन्सच्या बिघाडाची सूचना आली. जुन्या छोट्या कॅमेऱ्यांचे हे नेहमीचे दुखणे आहे. लेन्स एकात एक बसणाऱ्या नळ्यांतून बाहेर येते आणि त्या नळ्यांच्या फटीत वाळूचा एक कण अडकला तरी मोटर थांबते. आमच्या कॅमेऱ्याच्या फटीत पिवळी रेघ दिसली. लग्नानंतर सगळे जेजुरीला गेले होते, तेव्हाचा भंडारा तो!

अशा वेळी लेन्स बोटाने ओढू नये. आतले दाते प्लॅस्टिकचे असतात, ते मोडले की संपले. सेल काढावेत, लेन्सचे तोंड जमिनीकडे करावे, मऊ ब्रशने फट झाडावी आणि रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचा ओलावा आत जातो. पोस्टकार्डाची बारीक पट्टी कापून फटीतून अलगद गोल फिरवली तर अडकलेला कण सुटतो. एवढे केल्यावर आमची लेन्स तिसऱ्या खेपेस पुरती बाहेर आली.

आणि नेमका खरा धोक्याचा क्षण त्यानंतर आला. पडद्यावर सूचना उमटली, की कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचे का? नातवाने सवयीने बोट पुढे केले. मी कॅमेरा त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. वहिनी घाबरल्या, पोर हिरमुसले. पण त्या एका बोटाखाली आमच्या आईचे फोटो होते.

फॉरमॅट म्हणजे काय, ते नीट समजून घ्यावे. कार्ड ही एक वही आहे असे धरा. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, पुढे फोटो. कॅमेरा फॉरमॅट करतो तेव्हा बहुधा तो अनुक्रमणिका पुसून टाकतो. पुढची पाने लगेच कोरी होत नाहीत, पण कॅमेऱ्याच्या लेखी ती कोरीच असतात, आणि नवा फोटो काढला की तो जुन्यावर लिहिला जातो. तेव्हा कुणाच्या हातून चुकून फॉरमॅट झालेच असेल, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. पुसलेले फोटो शोधून काढणारे प्रोग्राम असतात. पुष्कळदा बरेचसे परत मिळतात, मात्र वर नवे लिहिले गेले असेल तर नाही.

आमची दुसरी आणि मोठी चूक इथे माझ्या ध्यानात आली. सकाळपासून आम्ही कॅमेऱ्याशी झटत होतो. खरे तर पहिल्या पाच मिनिटांतच कार्ड बाहेर काढून ठेवायला हवे होते. कॅमेरा मेला तरी कार्ड मरत नाही. विहिरीवरची मोटर जळाली म्हणून काही विहीर आटत नाही.

कार्ड काढले. त्याच्या कडेला एक नखाएवढी सरकपट्टी असते. ती 'लॉक'च्या बाजूला सरकवली, म्हणजे त्यावर नवे काही लिहिले जाऊ नये. पाठीमागच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसल्या, दोन ठिकाणी खोडरबर अगदी हलका फिरवला. कार्ड घेऊन तालुक्याच्या फोटो स्टुडिओत गेलो. तिथल्या कार्ड रीडरमध्ये ते पहिल्या खेपेस वाचले गेले नाही. काढून पुन्हा घातले, तेव्हा वाचले. आधी सगळे फोटो संगणकावर उतरवून घेतले, मग पेन ड्राइव्हवर, मग आणखी एका पेन ड्राइव्हवर. बियाणे एकाच कणगीत ठेवू नये, तसेच हे.

आता काही इतर खोडी, ज्यांबद्दल वाचक नेहमी विचारतात.

जुने फोटो पडद्यावर नीट दिसतात, पण नवा काढला की काळा येतो: मग पडदा चांगला आहे, दोष आतल्या झडपेचा किंवा प्रकाश टिपणाऱ्या चकतीचा. चित्र जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे येत असेल तर संशय चकतीवरच घ्यावा. 2005 च्या ऑक्टोबरात अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतल्या अशा चकत्या उष्ण आणि दमट हवेत निकामी होतात असे जाहीर झाले होते आणि कित्येक कंपन्यांनी त्या फुकट बदलून दिल्या. आता इतक्या वर्षांनी ती सोय धरून चालू नये.

उन्हातले फोटो पांढरेफटक येतात, घरातले बरे येतात: झडप उघडीच अडकली आहे.

तारीख दर वेळी मागे जाते: आत एक छोटा राखीव सेल असतो, तो उतरला आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो मुख्य सेलवर भरतो. चांगले सेल घालून एक दिवस तसाच ठेवावा आणि तारीख पुन्हा लावावी.

नवे मोठे कार्ड घातले तर घेत नाही: कॅमेरा बिघडलेला नाही. जुने कॅमेरे 2 जीबीपर्यंतचीच कार्डे ओळखतात. त्याहून मोठ्या, 32 जीबीपर्यंतच्या कार्डांची पद्धत 2006 साली आली. त्याआधीच्या कॅमेऱ्याला ती भाषा येत नाही.

लेन्स अडली आहे, पण कार्डातले फोटो पाहायचे आहेत: कित्येक कॅमेऱ्यांत फोटो पाहण्याचे बटण दाबून धरले की लेन्स बाहेर न येता पडदा उजळतो. ते करून पाहावे.

आणि एक ताकीद. स्क्रू काढून कॅमेरा घरी खोलू नये. फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो, त्यात सुमारे 300 व्होल्ट साठतात आणि सेल काढले तरी ते काही काळ राहतात. दिसायला काडेपेटीएवढे यंत्र, पण झटका जोराचा देते. चकती किंवा झडप गेली असेल तर तिथेच थांबावे. जुन्या छोट्या कॅमेऱ्याला दुरुस्तीचा खर्च परवडत नाही आणि सुटे भागही सहसा मिळत नाहीत.

ठेवताना सेल बाहेर काढूनच ठेवावा. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवला तर पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरत नाही. तांदळात पुरू नये, भुकटी आत जाते. फवारणीच्या औषधांच्या खोलीत तर ठेवूच नये.

स्टुडिओत फोटो एकेक करून पुढे सरकत होते. वऱ्हाड, पंगत, वाजंत्री, आणि मग आई. मांडवाच्या खांबाला टेकून बसलेली, अक्षतांचे ताट मांडीवर, आणि फोटो काढणाऱ्याला हाताने 'जा पलीकडे' म्हणून झिडकारणारी. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्योच मोठा करून लावा. अशाच होत्या त्या."

तो आता ओसरीवर लावला आहे. कॅमेरा चालतो आहे, नातवाला आवडूही लागला आहे. पण तो चालला नसता तरी आमचे काही अडले नसते.

तुमच्या ट्रंकेत असा कॅमेरा असेल तर या रविवारी दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. एवढेच करा: सेल काढा, कार्ड काढा, त्यातले फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक तरी फोटो कागदावर छापून घ्या. दुरुस्ती नंतर निवांत करता येईल.