दोष यंत्राचा नव्हे, मसुद्याचा

कर्जमाफीच्या याद्या रखडल्या की ‘संगणकाने घोळ केला’ असे सांगण्याची रीत सरकारी कचेऱ्यांत रूढ झाली आहे. यंत्राला तोंड नसल्याने हा खुलासा सोयीचा ठरतो, इतकेच.

2017 मधील छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचे उदाहरण बोलके आहे. 28 जून 2017 च्या शासननिर्णयाने दीड लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ केली. मात्र लाभाचा घटक ठरविला तो कुटुंब, म्हणजे पती, पत्नी व 18 वर्षांखालील मुले. बँकेच्या खतावणीत कुटुंबाचा रकानाच नसतो. तेथे असतो खातेदार. रिसोड तालुक्यातील एखादे घर कल्पावे. नवऱ्याच्या नावे 90 हजार, बायकोच्या नावे 90 हजार. खातेवहीप्रमाणे दोघेही पूर्ण माफीस पात्र. शासननिर्णयाप्रमाणे कर्ज 1 लाख 80 हजारांचे, म्हणून वरचे 30 हजार आधी भरावयाचे. आज्ञावली लिहिणाऱ्याने यांतले कोणते मानावे?

वाशीमपुरती आणखी एक गुंतागुंत आहे. 1 जुलै 1998 रोजी हा जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, परंतु येथील सोसायट्यांचे पीककर्ज अकोला जिल्हा मध्यवर्ती बँकेमार्फतच येत राहिले. शेतकऱ्याचा जिल्हा वाशीम, बँक अकोल्याची. दोन्ही नोंदी खऱ्या. ‘जिल्हा’ म्हणजे कोणाचा जिल्हा हे मसुद्यात लिहिलेले नसेल, तर खऱ्या नोंदीही एकमेकींना खोट्या पाडतील.

बॅरी बोएम या अमेरिकी अभ्यासकाने 1981 मध्येच दाखवून दिले होते की, आवश्यकतांच्या मसुद्यातील चूक जितकी उशिरा सापडेल, तितकी ती निस्तरणे महाग पडते. मसुदा लिहिताना जी विसंगती एका बैठकीत मिटली असती, तिच्यासाठी नंतर गटसचिवापासून तहसील कचेरीपर्यंत सर्वांना कागद पुन्हा तपासावे लागतात आणि शेतकऱ्याची पेरणीच्या तोंडावरची मजुरी बुडते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

उपाय फार अवघड आहे असे नाही. महसूल, सहकार, बँक व गटसचिव यांनी एकत्र बसून पन्नास खरी खाती हाताने सोडवून पाहावीत. जेथे दोन उत्तरे येतील तेथे मसुदा फुटका आहे असे समजावे. प्रत्येक विसंगती तत्काळ मिटेलच असेही नव्हे. काही प्रश्न मंत्रिमंडळाचेच असतात. तोवर ते उघडपणे नोंदवून ठेवावेत, निर्णय कोणी द्यावयाचा तेही लिहावे. घातक असतो तो मुका निर्णय. कंत्राटदाराकडील एखादा तरुण अंदाजाने एक ओळ लिहितो आणि तेच शासनाचे धोरण होऊन बसते.

डिसेंबर 2019 च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी हा घटक धरला गेला. दोन लाखांहून अधिक थकबाकी असलेले तीतून वगळले गेले. त्यास अन्याय म्हणता येईल; परंतु ती अट शासननिर्णयात छापलेली होती, आणि म्हणून तिच्याविषयी सरकारला जाब तरी विचारता येत होता.