दरसालचा धोंड्याचा महिना

महिना किती दिवसांचा, हा प्रश्न आपल्या पंचांगकर्त्यांनी फार पूर्वी सोडवून टाकला. चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक अधिक मास घातला, आणि लोकांना तो जड वाटू नये म्हणून जावयाला अनारशांचे वाण देण्याची गोड सोयही करून ठेवली. मोबाईल कंपन्यांचे पंचांग याहून सोपे आहे. त्यांचा महिना २८ दिवसांचा. असे बारा महिने भरले, की वर्ष पुरे करायला तेरावा रिचार्ज मारायचा. म्हणजे धोंड्याचा महिना दरसाल ठरलेला! फरक इतकाच, की इथे सासरेबुवा आपण आणि जावई कंपनी. आणि वाण मात्र तेराही महिने.

२०२२ च्या जानेवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, प्रत्येक कंपनीने निदान एक योजना ३० दिवसांची आणि एक दर महिन्याच्या ठराविक तारखेची ठेवावी, असे फर्मावले. कंपन्यांनी ती ठेवलीही. पण दुकानातल्या फलकावर राज्य अजून २८ चेच आहे.

अर्थशास्त्र शिकवणारे माझे एक सहकारी यावर म्हणतात, "अहो, चढाओढ आहे म्हणून तर एवढे स्वस्त मिळते!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. १९९५ साली भारतात मोबाईल आला तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. ते २००३ साली थांबले. २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि तिने मार्च २०१७ पर्यंत इंटरनेट चक्क फुकट वाटले. त्याआधी एक जीबीला अडीचशेच्या आसपास मोजणारा माणूस रोज जीबीच्या हिशेबाने बोलू लागला.

पण फुकटाची गोष्ट आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना ऐकवताना जरा जपून. १९०६ साली चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिन ते कोलंबो स्वदेशी आगबोटी सुरू केल्या, तेव्हा इंग्रज कंपनीने भाडे उतरवत उतरवत शेवटी प्रवास फुकट केला, आणि वर एकेक छत्रीही दिली म्हणतात! स्वदेशी कंपनी १९११ पर्यंत मोडीत निघाली. चढाओढ ही अशी असते. ती चालू असेतो गिऱ्हाईक राजा. संपली की राजाला तिकीट काढावे लागते.

आमच्याकडेही तसेच काहीसे झाले. एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो, रिलायन्स कम्युनिकेशन्स ही नावे आता जुन्या छत्र्यांवरच शोधावीत. २०१८ साली व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. उरल्या तीन खाजगी कंपन्या आणि एक सरकारी. २०२४ च्या जुलैत तिन्ही खाजगी कंपन्यांनी दोनचार दिवसांच्या अंतराने दर वाढवले, तेव्हा पुष्कळांना सरकारी कंपनीची आठवण झाली. पण गिऱ्हाइकाने नुसते रागावून भागत नाही, रेंजही लागते. भाट्याला खाडीवरचा पूल ओलांडून रत्नागिरीत गेले की चारही कंपन्या हजर. वाडीत मात्र एकीची रेंज पडवीत येते, दुसरीची माडाखाली, तिसरीची मुळीच नाही. कंपनी कोणती घ्यावी, हे इथे आपण ठरवीत नाही. घर कुठे बांधले, त्यावर ते ठरते.

आणि खरा प्रश्न त्याहून लहान आहे. आमच्या वाडीतल्या एका काकूंकडे बटणांचा फोन आहे. मुलगा डोंबिवलीला. त्याने फोन करावा आणि यांनी "जेवलास का?" विचारावे, एवढीच त्यांची गरज. इंटरनेट त्यांना नको. पण मुदत संपून काही दिवस गेले, की येणारा फोनही थांबतो, आणि तिकडे मुलाच्या जिवाला घोर लागतो. म्हणून तो तिकडूनच रिचार्ज मारतो. पूर्वी मुंबईहून मनीऑर्डर यायची, ती आईच्या हाती पडायची. आजची मनीऑर्डर परस्पर कंपनीला पोचते.

डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने, नुसते बोलणे आणि संदेश यांची योजना निराळी ठेवा, असे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये तशा योजना निघाल्या. पण मुदत ८४ दिवसांची, नाही तर जवळजवळ वर्षाची. शेकडो रुपये एकरकमी काढून द्यायचे. ज्याला थोडे हवे, त्याच्याकडे एकदम थोडेच असते, हे वाण्याला कळते. म्हणून तो पावशेर साखर बांधून देतो, प्रसंगी उधारही. प्रीपेडमध्ये उधारी आपण द्यायची आणि तीही आगाऊ.

म्हणून माझे मागणे साधे आहे. चढाओढ किती आहे हे मोजायचे, तर 'जास्तीत जास्त डेटा कोण देतो' हे विचारू नका. 'कमीत कमी कोण विकतो' हे विचारा. ज्या बाजारात पावशेर मिळत नाही, तिथे दुकाने चार असली काय आणि एक असले काय, काकूंना सारखेच. या दिवाळीत आईला फराळाबद्दल विचारायला फोन कराल, तेव्हा जाता जाता तिची मुदत कधी संपते, तेही विचारून ठेवा.