गाडी ओढत नाही? इंजिन शेवटी खोला

आज पिकाऐवजी मोटारसायकलबद्दल लिहितोय, पण मुद्दा आपल्या रोजचाच आहे. सोयाबीन पिवळं पडलं की आपण आधी बघतो: लोह कमी पडलंय, रानात पाणी साचलंय, की मोझॅक आलाय? तिन्हींचा इलाज वेगळा. मग दहा-पंधरा वर्षांची गाडी पिकअप घेईना झाली की "इंजिन गेलं, आता बोअर-पिस्टन" असं एका वाक्यात कसं ठरवतो आपण?

माझं मत स्पष्ट आहे. इंजिन सगळ्यात शेवटी खोलायचं. त्याआधी तीन प्रश्न विचारायचे. घरचे पाने, एक प्लगपाना आणि अर्धा-पाऊण तास पुरतो.

पहिला प्रश्न, चाक अडतंय का? गाडी डबल स्टँडवर लावा, न्यूट्रल करा, मागचं चाक हातानं फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. माझ्या पुतण्याची गाडी पंक्चर काढून आणल्यापासून चढाला दम टाकत होती. दोघांनी इंजिनकाम सांगितलं. प्रत्यक्षात मागचा ब्रेक जास्त आवळला गेला होता. ड्रमला हात लावला तर चटका बसत होता. ब्रेकचा नट सैल केला, गाडी पळायला लागली. खर्च शून्य. पुढचं चाक, टायरची हवा आणि चेनही तेव्हाच बघा. चेन मधोमध साधारण दोन-अडीच सेंटिमीटर वर-खाली हलावी.

दुसरा प्रश्न, इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही का? मग दुखणं क्लचचं. लगेच प्लेटा बदलू नका. लिव्हर टोकाला एक-दीड सेंटिमीटर ढिली हवी. केबल ताणलेली असली तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो. मग ऑइल बघा. आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं उरलेलं ऑइल त्यात ओतलं तर प्लेटा घसरू शकतात. मोटारसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' असा शिक्का असतो, तो बघून घ्या.

तिसरा प्रश्न, इंजिनच नीट रेस घेत नाही का? मग हवा, पेट्रोल आणि ठिणगी, याच क्रमानं जा. पाणंदीची धूळ खाऊन एअर फिल्टर चोंदतो. कागदी असेल तर बदला, धुऊ नका. फिल्टर काढून गाडी चालवणं तर अजिबात नको. तीच धूळ सिलिंडर घासून काढते. चोक अर्धवट ओढलेला राहिलाय का तेही बघा. प्लग काढून रंग पाहा: विटकरी असेल तर ठीक, कोरडी काजळी असेल तर हवा कमी किंवा पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, तेलकट ओला असेल तर इंजिनात ऑइल चढतंय.

आता इथेनॉल. पंपावर वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल मिळतंय आणि जुन्या गाडीचं प्रत्येक दुखणं त्याच्यावर ढकललं जातंय. एवढं खरं, की इथेनॉल पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशरही त्यानं खराब होऊ शकतात. म्हणून पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर धड ठेवा आणि गाडी महिनोन् महिने उभी करू नका. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, खाली पाण्याचा थर दिसतो का बघा. हे काम थंड इंजिनावर, उघड्यावर, बिडी-काडी लांब ठेवून. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. तिथं ही खटपट नको.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी गाडी ओढत नसेल, सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, ऑइलची पातळी उतरत असेल, किक हलकी लागत असेल, तर खुशाल इंजिन खोला. तेव्हाही आधी व्हॉल्व्हची सेटिंग तपासायला सांगा.

मेकॅनिक आपला वैरी नाही. पण "इंजिन बघा" म्हणून गाडी सोडली तर तो इंजिनच बघणार. "चाक मोकळं आहे, क्लच धरतोय, प्लग काळा येतोय" असं सांगा. कृषी केंद्रात नुसतं "चांगलं औषध द्या" म्हटल्यावर काय हातात पडतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.